कमरेला खोचलेले गोचीड

आमच्या मॅडमना कुत्र्यांची भीती वाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कुत्र्यांना गोचिडांपासून होणाऱ्या एका तापावर त्यांनी सबंध नोकरी काढली होती. कुत्र्याचं रक्त त्यांना चालायचं, कुत्र्याची प्लीहा चालायची, मायक्रोस्कोपखाली कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी बघताना तर त्या जेवण विसरायच्या. फक्त आख्खा कुत्रा चालायचा नाही. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या गल्लीत एक पिवळट म्हातारा कुत्रा दिवसभर पसरलेला असे. त्याला टाळायला त्या रस्ता ओलांडत आणि थोडं पुढे गेल्यावर परत ओलांडून अलीकडे येत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, झोपलाय तो." त्यावर म्हणाल्या, "निजल्यावर तसा अहे. उठल्यावर कसा, कोण सांगणार?"

हे 'अहे' तंजावरचं. त्यांचे पूर्वज केव्हातरी राजांबरोबर तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मी परभणीहून पशुवैद्यकीची पदवी घेऊन पीएच.डी.साठी चेन्नईला आले, तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं होती ती. गिंडीला छोट्या छोट्या कारखान्यांच्या मागे आमची प्रयोगशाळा. पहिल्या दिवशी सकाळपासून मी सगळ्यांशी मोडक्या इंग्रजीत बोलून थकले होते. इतक्यात एक ठेंगणी, काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेली बाई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलीस की?" मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी मराठी उभं आहे का म्हणून. त्याच माझ्या गाईड होत्या. 'मी करतें', 'मी जातें' असलं जुनं बोलणं, त्यात निम्मे शब्द तमिळ आणि सगळा सूर तमिळ. मला त्यांच्या बोलण्याची गंमत वाटायची आणि त्यांना माझ्या. माझ्या मराठीला त्या 'रेडिओची मराठी' म्हणत.

त्यांचा एक प्रश्न होता, तो त्या उठता-बसता विचारायच्या. कोणी कोणाबद्दल काही सांगितलं की लगेच, "तेव्हा तो कुठे होता?" मी तक्रार केली की कॅन्टीनचा माणूस उद्धट आहे, तर म्हणाल्या, "कुठे? काउंटरमागे की बाहेर?" आमच्या तंत्रज्ञ सेल्वीचा नवरा अबोल म्हणून प्रसिद्ध होता. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरीं अबोल अहे. क्रिकेट पाहताना विचारलंस की?" प्रबंधातल्या वाक्यांवर तर त्यांची तांबडी पेन्सिल तुटून पडायची. 'हा जिवाणू अमुक प्रथिन तयार करतो' असं मी लिहिलं की संपला कारभार. "कुठे असताना करतो?" एवढंच समासात लिहून कागद परत.

आमच्या कामाचा सगळा गाभा या प्रश्नातच होता, म्हणून तो थोडक्यात सांगते. कुत्र्याला हा ताप देणारा जिवाणू अर्धं आयुष्य गोचिडात काढतो आणि अर्धं कुत्र्याच्या रक्तात. गोचीड थंड रक्ताचा, कुत्रा ऊबदार. गोचिडाच्या पोटातली रीत एक, कुत्र्याच्या शरीरातली पहारेदारी निराळी. म्हणून हा जिवाणू आपल्या अंगावरची प्रथिनं बदलतो. जीन्स त्याच्याकडे दोन्ही तऱ्हेचे असतात. गोचिडात असताना तो त्यातले काही चालू ठेवतो, कुत्र्यात शिरला की ते बंद करून दुसरे चालू करतो. गोचिडात एक सदरा, कुत्र्यात दुसरा, असं मॅडम सांगायच्या. आमच्यापुढे प्रश्न होता तो हा की, सदरा बदलतो नेमका कधी? कुत्र्याच्या रक्ताची चव लागल्यावर, की त्याच्या आधीच?

हे पाहायला उपाशी गोचीड हवेत, आणि ते मिळवायची मॅडमची पद्धत त्यांच्या भीतीतून निघाली होती. कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढायला त्या तयार नव्हत्या. पण हा कुत्र्यांचा तपकिरी गोचीड भिंतीवर चढतो, छताच्या कोपऱ्यात, खिडकीच्या फटीत उपाशी बसून राहतो. वेस्ट मांबलममध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गावाला जाणाऱ्या लोकांची कुत्री सांभाळायचे. मॅडम पहाटे सहाला त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. आधी सगळी कुत्री गच्चीवर नेऊन दार लावायचं, मग मॅडम आत जाणार, स्टुलावर चढणार आणि चिमट्याने भिंतीवरचे गोचीड एकेक करून काचेच्या नळीत टाकणार. वर कुत्री भुंकत असायची आणि प्रत्येक भुंकण्याला स्टूल हलायचं. मी खालून स्टूल धरायचे. नळीला कापसाचं बूच लावलं की मॅडम ती कमरेला खोचायच्या.

कमरेला त्यांच्या काय खोचलेलं नसायचं? घरच्या किल्ल्या, लोकलचा पास, रुमाल, पेन्सिल, कधी कधी सोललेली वेलचीसुद्धा. पर्स म्हणजे चोराची सोय, असं त्यांचं मत होतं. मी सलवार-कमीज घालते याचं त्यांना वाईट वाटे, कारण त्यात माणसाला काही ठेवायला जागाच नसते. गोचिडांची नळी मात्र मुद्दाम कमरेला असायची. तरुणपणी त्यांनी बर्फाच्या डब्यातून आणलेले गोचीड मेले होते, तेव्हापासून थर्मोकोलच्या डब्याला त्या हात लावत नसत. "मेलेल्या माशांना बर्फ. जित्याला कशाला?" भिंतीवरून काढलेले गोचीड कमरेला लावून त्या घरी जायच्या, स्वयंपाक करायच्या, स्वतःचा डबा भरायच्या, देवळात जाऊन यायच्या आणि मांबलमहून गाडी पकडून दहाच्या सुमाराला गिंडीला हजर. मग ताबडतोब गोचीड चिरडून त्यातला आरएनए काढायचा. म्हणजे त्या घडीला जिवाणूचे कुठले जीन्स चालू आहेत ते कळतं.

जो जीन चालू असेल त्याची जेलच्या फोटोत एक पांढरी पट्टी दिसते. मॅडमच्या नमुन्यांत कुत्र्यातल्या सदऱ्याची पट्टी लख्ख उमटायची. उपाशी गोचिडात. कित्येक आठवडे रक्ताचा थेंब न चाखलेल्या गोचिडात. याचा अर्थ जिवाणू कुत्र्याची वाट पाहत आधीच कपडे बदलून बसलेला असतो. असं कोणी दाखवलेलं नव्हतं. मॅडमनी त्यावर लेख लिहिला आणि परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाने तो स्वीकारला. तोवर त्यांचं सगळं लिखाण इथल्या लहान पत्रिकांत आलेलं होतं, जे वाचतात तेही तिथे लिहिणारेच. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. पण त्यांनी लेख छापून येण्याआधीच देवळातल्या सगळ्या ओळखीच्यांना म्हैसूरपाक वाटला. मॅडमच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. या लेखाच्या बळावर त्यांना आणखी दोन वर्षं मुदतवाढ मिळेल असं संचालक उघडपणे म्हणू लागले होते. मॅडमना ती हवी होती. तसं त्या बोलून दाखवत नसत, पण नवीन मशीनची माहितीपत्रकं मागवू लागल्या होत्या.

आता माझं सांगते. माझा प्रबंध याच कामाचा पुढचा भाग होता. मी तेच घर, तीच भिंत, तेच गोचीड घेत होते. फक्त मी शिकल्याप्रमाणे थर्मोकोलच्या डब्यात गार पिशव्या ठेवून ते आणत होते. आणि माझ्या नमुन्यांत कुत्र्यातला सदरा कधीच दिसत नव्हता. गोचिडातलाच दिसायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रसायनं बदलली, पाणी बदललं, सेल्वीने माझ्या बरोबर उभं राहून सगळं पाहिलं. काही चूक सापडेना.

शेवटी सेल्वीने निदान केलं. तमिळमध्ये कैरासी म्हणतात, म्हणजे हाताचा गुण. काही डॉक्टरांच्या हाताला असतो, काही बायकांच्या लोणच्याला असतो. मॅडमना कैरासी होती आणि मला नव्हती. हे तिने मला दुखवायला सांगितलं नव्हतं, माझा त्रास कमी व्हावा म्हणून सांगितलं होतं. प्रयोगशाळेत सगळ्यांचाच यावर विश्वास होता. नवीन मशीन आलं की पहिलं बटण मॅडमनी दाबायचं. कोणाचा महत्त्वाचा नमुना असला की मॅडमचा हात लावून घ्यायचा. मॅडम हसायच्या, "तुम्हां लोकांना वेड अहे" म्हणायच्या, आणि बटण दाबायच्या. इतकी वर्षं सगळे म्हणत होते, त्यामुळे त्यांनाही ते थोडंसं खरं वाटू लागलं होतं असं मला वाटतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'तेव्हा ती कुठे होती' विचारणाऱ्या बाईने हा एक प्रश्न स्वतःच्या गोचिडांना विचारला नव्हता.

दर सहा महिन्यांनी माझी प्रगती तपासणारी समिती बसायची. त्या खेपेला संचालकांनी आधीच बोलावून सांगितलं की, मॅडमच्या स्वीकारलेल्या लेखाच्या विरुद्ध माझे निष्कर्ष जातात, म्हणजे माझ्या हातात काहीतरी दोष आहे. विषय बदलावा. नवा विषय म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, आणि माझी शिष्यवृत्ती तेवढी पुरणार नव्हती. सरळ सांगायचं तर परत परभणीला. मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "समितीला दोन आठवडे अहेत. पाहूं." पण त्यांच्या तोंडावर मला तोच विचार दिसला जो सगळ्यांच्या तोंडावर होता. पोरीचा हात बरा नाही. त्या दिवशी मी माझ्या खोलीवर येऊन खूप रडले.

त्याच आठवड्यात मांबलम स्टेशनच्या जिन्यावर मॅडम पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी कामावर हजर. त्यांचा एक शेवटचा नमुना राहिला होता, छापण्याआधी संपादकांनी आणखी एकदा करून दाखवायला सांगितलं होतं म्हणून. स्टुलावर चढता येईना तर मी चढले, गोचीड काढले आणि नळी त्यांच्या हातात दिली. डाव्या हाताने त्यांना ती कमरेला नीट खोचता येईना. दोनदा सटकली. तेव्हा प्लास्टरमुळे त्यांच्या सोबतीला येऊ लागलेल्या यजमानांनी ती घेतली आणि मॅडमच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. पिशवीत दहीभात होता आणि पाण्याची गार बाटली होती. सकाळभर नळी तिथे राहिली.

त्या नमुन्यात कुत्र्यातला सदरा उमटला नाही. हुबेहूब माझ्यासारखा निकाल.

सेल्वीने हळहळून सांगितलं, "हातच मोडला मॅडम, कैरासी कुठून राहणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम जेलच्या फोटोकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी आपल्या लेखाची प्रत मागितली आणि पद्धतीच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'गोचीड गोळा करून प्रयोगशाळेत आणले.' 'आणले' या शब्दाखाली त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी रेघ ओढली. मग मला म्हणाल्या, "उद्यां साडी नेसून ये."

माझ्याकडे साडी एकच होती, आईने दिलेली. सकाळी आम्ही गोचीड काढले, त्यांचे दोन भाग केले. एक नळी यजमानांच्या पिशवीत. दुसरी माझ्या कमरेला. मॅडमनी स्वतः ती एका हाताने, कुठे आणि किती आत, ते दाखवून खोचून घेतली आणि दहा वाजेपर्यंत मला आपल्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. मी भाजी चिरली, नारळ खोवला. पोटाला गोचीड लागून आहेत ही जाणीव एक मिनिटही गेली नाही. मॅडम मध्येच येऊन कमरेपाशी हात लावून बघत, ऊब आहे ना म्हणून. माझ्यासाठी काप्पी, म्हणजे कॉफी, केली, पण ती पिताना त्यांचं लक्ष घड्याळाकडेच होतं.

पिशवीतल्या नळीत गोचिडातलाच सदरा होता. माझ्या कमरेच्या नळीत कुत्र्यातला सदरा उमटला. लख्ख.

हात माझाच होता. मला हसू येत होतं, ओरडावंसं वाटत होतं. सेल्वी तर माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहत होती. आणि मग मी मॅडमकडे पाहिलं. जिवाणू कोणाची वाट पाहत कपडे बदलून बसलेला नव्हता. सकाळभर माणसाच्या अंगाची ऊब लागली म्हणून त्याला वाटलं होतं की कुत्रा आला. लेख चूक होता. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं." नंतर टेबलावरची नव्या मशीनची माहितीपत्रकं उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली.

समितीत मॅडमनी प्रोजेक्टर बंद करायला लावला. कमरेची रिकामी नळी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ही पोर बरोबर आहे, मी चूक आहे, लेख मी आजच मागे घेते आहे. समितीतले पुरुष त्या नळीकडे पाहावं की नाही या विचारात पडले. संचालक माणूस चांगला होता, मॅडमबद्दल त्यांना आदर होता. ते म्हणाले, "मॅडम, मागे कशाला घेता? शब्दांत थोडी दुरुस्ती करू. तुम्ही निवृत्त होणार, मुदतवाढीचा कागद वर गेलेला आहे. कोण विचारायला येणार आहे?"

मॅडम तमिळमध्ये बोलल्या, पण तोवर मला तेवढी तमिळ कळू लागली होती. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्यातरी गावात एखादी पोर हे करून पाहील, सर. ती काही कमरेला गोचीड खोचणार नाही. तिला पट्टी दिसणार नाही. आणि तिला वाटेल, आपलाच हात वाईट आहे."

लेख मागे घेतला गेला. मुदतवाढीचा कागद वरून खाली आलाच नाही, आणि ठरल्या दिवशी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात एका तरुण शास्त्रज्ञाने भाषण केलं की, मॅडम अगदी आपल्या जिवाणूसारख्या आहेत, घरी मराठी, लॅबमध्ये तमिळ, मशीनशी इंग्रजी, जागा बदलली की रूप बदललं. टाळ्या पडल्या. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुठेही मी हीच अहे. ह्याने नीट पाहिलं नाही."

माझा विषय बदलला नाही. उलट तो आता सोपा आणि मोठा झाला होता. रक्त नाही, कुत्रा नाही, नुसती ऊब. तेवढ्याने कुठले जीन्स चालू होतात आणि कुठले नाहीत, हे मी पुढची दोन वर्षं मोजलं. काही जीन्स उबेने चालू व्हायचे, काही मात्र खरं रक्त मिळाल्याशिवाय हलायचे नाहीत. त्यातला पहिला प्रयोग, मॅडमच्या निवृत्तीआधीच, त्यांच्याच कमरेला नळी आणि शेजारी तापमान-आर्द्रता मोजणारं चिमुकलं यंत्र खोचून झाला होता. थोडक्यात, त्यांची चूक हाच माझा प्रबंध होता. मी रविवारी त्यांच्याकडे जायचे, त्या उडदाच्या पिठाचं डांगर करून वाढायच्या आणि माझी प्रकरणं तपासायच्या. लेखात तुमचं नाव घालते म्हटलं, तर ऐकेनात. "हा प्रयोग मी केला नाही. मी नुसती तो घेऊन चालत होतें." कमरेची गोष्ट कुठे सांगायची नाही, आभारांतसुद्धा लिहायची नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते माझ्या नावाने होत होतं, आणि त्या माझ्या ताटात आणखी भात वाढत होत्या. मला ते फार अवघड जायचं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मॅडम शेवटच्या रांगेत यजमानांबरोबर बसल्या होत्या. परीक्षक उत्तरेकडून आलेले, बारीकसारीक विचारणारे गृहस्थ होते. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पहिल्या प्रयोगात गोचीड चार तास अंगाच्या तापमानाला ठेवले, असं तुम्ही लिहिलंय. तापमान इतकं सारखं राहिलेलं दिसतं, आर्द्रताही उत्तम, एकही गोचीड मेला नाही. हे कुठल्या मशीनमध्ये केलंत? कंपनीचं नाव दिलेलं नाही."

मला खोटं सांगता येईना आणि खरं सांगणार नाही असा शब्द दिलेला. परीक्षक पेन धरून थांबले. संचालक टेबलाकडे बघायला लागले.

मागून मॅडमचा आवाज आला, इंग्रजीत, अगदी सहज. "लोकल मेक, सर. आता सर्व्हिसमध्ये नाही."

सेल्वीने पदर तोंडात कोंबला. परीक्षक "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. "पुढे," ते म्हणाले. मला पुढच्या चित्राचं बटण सापडेना, डोळे इतके भरून आले होते.